बर्फाच्या फळीवरचं मशीन

३ मार्च

ठिणगे,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहून कागद भरत नाही.

डबा पोचला. भोंग्याने बस थांबवली, हॉर्न वाजवून गल्ली गोळा केली आणि डबा असा हातात दिला जसा काही मीच त्याला उशीर केला. तुझी चिठ्ठी वाचली. मला समजलं ते असं. तू ज्या दुकानात कॉम्प्युटरच्या भागांची पार्सलं बांधतेस, तिथे टेस्टिंगच्या टेबलाची जागा रिकामी झालीये. मालक म्हणतो, महिन्याच्या शेवटी ती स्पर्धा आहे, त्यात दुकानातला जो कोणी स्वस्तातलं मशीन सगळ्यात जोरात पळवेल त्याला ते टेबल. नाहीतर तू आहेसच सुतळी आणि टेप घेऊन. तुझ्या भाड्याच्या खोलीत प्लग एकच, तोही इस्त्री लावली की उडतो, म्हणून मशीन माझ्या कारखान्यात जोडायचं. बरोबर?

जोड. म्हणजे मीच जोडीन, तू कागदावर सांग. बर्फाच्या कारखान्यात वीज नसेल तर कुठे असेल? फोन मात्र करू नकोस. कॉम्प्रेसरच्या आवाजात मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरते. मागच्या वेळी तू साखरपुडा मोडला म्हणालीस असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि मोडला होता तुझा चष्मा.

आता सांग. कंपनीने ज्या वेगाचं म्हणून विकलं त्याहून जास्त पळवायचं म्हणजे काय? कंपनीवाले वेडे आहेत का? जळत नाही का ते? आणि पुढच्या डब्यात दिव्यांचे तीन पंखे आणि काचेचं कॅबिनेट पाठवतेय असं लिहिलंयस. मशीनला पळायचंय का नटायचंय?

आत्या

६ मार्च

आत्या, नमस्कार. (एवढा तरी लिहू दे.)

जळतं! म्हणूनच तर मजा आहे.

कंपनी चिपवर वेग लिहिते तो सगळ्यात नाजूक तुकड्यालाही झेपेल असा. बहुतेक चिपा त्याहून दमदार निघतात. आपण तिला थोडं जास्त व्होल्टेज द्यायचं, वेगाचा आकडा एक-एक पायरी वर न्यायचा आणि कुठे कोलमडते ते बघायचं. ह्याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग. वेग वाढला की गरमी वाढते. गरमी काढून घेतली की आणखी वेग मिळतो. सगळा खेळ एवढाच.

नियम असा की सगळ्या भागांची बिलं लावायची आणि बेरीज त्यांच्या मर्यादेच्या आत हवी. मर्यादा म्हणजे चेष्टा आहे नुसती, नवी चांगली चिप एकटीच ती गिळून बसेल. म्हणून मी जुनी, वापरलेली चिप उचलली. पण बिनकुलपाची! काही चिपांचा वेग कंपनीच कुलूपबंद करते, तसली फुकट मिळाली तरी आपल्याला दगडच. तुझ्याकडे आलेला बोर्ड मधल्या भावातला आहे, कारण चिपला वीज गाळून देणारे भाग त्याच्यावर असतात आणि ते लेचेपेचे असले तर चिप कितीही वाघ असो, उपयोग नाही. पॉवर सप्लायवर हात आखडला नाही. रॅम अगदी साधी, तिला ह्या स्पर्धेत कोण विचारतंय? राहिलेल्या पैशात एकतर मोठा कूलर बसतो किंवा काचेचं कॅबिनेट. मी कॅबिनेट घेते. आमच्या दुकानातला झगमग आहे ना, माझ्या शेजारच्या काउंटरवरचा, त्याचं मशीन बघशील तर डोळे दिपतील. त्याच्यासमोर आपण भिकारी दिसायला नको.

आणखी एक नियम, तो नीट वाच. पंधरा तारखेपर्यंत आपला आकडा लिहून द्यायचा. मग स्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, तोच आकडा एक तास टिकवायचा. मशीन त्याच्या खाली आलं किंवा बंद पडलं की बाद. म्हणून सगळे घाबरून कमी लिहितात. झगमग चार पॉइंट सहा गिगाहर्ट्झ लिहिणार आहे. आपल्या चिपवर कंपनीने लिहिलाय साडेतीन. चार पॉइंट चार जरी निघाला तरी मी नाचेन.

चिप, सप्लाय, रॅम आणि छोटा पंखा ह्या डब्यात आहेत. कसं जोडायचं ते मागच्या पानावर चित्र काढून दिलंय. चिपच्या माथ्यावर राखाडी पेस्ट वाटाण्याएवढीच लाव. जास्त नाही!

तुझी ठिणगी

१२ मार्च

ठिणगे,

काचेचं कॅबिनेट येणार नाही. भोंग्याला सांगितलं, पोरीने दिलं तरी घेऊ नकोस. पैसे शिल्लक ठेव, लागतील. बर्फाच्या लाद्या सरकवायची जाड फळी आहे माझ्याकडे, इतक्या वर्षांची घासून गुळगुळीत झालेली. बोर्ड तिच्यावर बसवला, चार खिळे नाही, चार स्क्रू लावले, खाली रबराचे तुकडे. सगळं उघडं. काय बिघडलं तर दिसतं, हात घालता येतो. झगमगच्या पेटीत हात घालायला आधी दहा स्क्रू काढावे लागतील, घे लिहून.

पेस्ट वाटाण्याएवढी लावली. वाटाणा केवढा ते तू लिहिलं नव्हतंस, मी मधला धरला.

आता ऐक. बस आधी.

पहिल्यांदा बटण दाबलं तर काही नाही. कॉम्प्रेसरवाला म्हणाला, "मावशी, गेलं." मी म्हटलं, तू जा. रॅम नीट बसली नव्हती, अंगठ्याने दाबली, टक् झालं, पंखा फिरला! ऑफिसातली जुनी स्क्रीन लावली होती, तिच्यावर अक्षरं आली. तू सांगितलंस तसं वेगाचं पान उघडेपर्यंत डिलीटचं बटण दाबत राहिले. आकडे मला वाचता येतात, बाकीचं इंग्रजी कॉम्प्रेसरवाल्याने वाचलं, तो तसा बरा पोरगा आहे. वेग चार केला, चालला. चार दोन, चालला. चार चार, चालला! चार पाचला एकदा स्क्रीन निळी झाली, मी व्होल्टेज तुझ्या चित्रातल्या दुसऱ्या खुणेवर नेलं, परत चालला. पुढे जाईना. मग मी एक घरगुती उपाय केला.

चार पॉइंट आठ.

परत लिहिते, चार पॉइंट आठ, एक तास वीस मिनिटं, हूं की चूं नाही. कारखान्यातली सगळी माणसं काम सोडून उभी होती, मी रागावलेसुद्धा नाही. उपाय कसला ते विचारू नकोस, आलीस की दाखवीन, तुझं तोंड बघायचंय मला.

आत्या

१५ मार्च

आत्या!!!

चार पॉइंट आठ! मी तुझं पत्र काउंटरखाली बसून वाचलं आणि डोकं आपटलं ड्रॉवरवर. टेंगूळ आलंय, चालेल!

लगेच धावत जाऊन आकडा देऊन आले. फॉर्मवाली बाई म्हणाली, "पोरी, विचार कर, नंतर खोडता येत नाही." मी म्हटलं, विचार माझ्या आत्याने केलाय. झगमगने माझा आकडा दोनदा वाचला. मग म्हणाला, "छोट्या पंख्यावर? खोटं." मालकांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. एवढंच, पण बघितलं. दोन वर्षांत ते माझ्याकडे फक्त सुतळी संपली की बघायचे.

उपाय कसला ते आता सांगच. व्होल्टेज फार चढवलं नाहीस ना? मी रोज मनात ते टेबल पुसते आहे.

तुझी ठिणगी

१७ मार्च

ठिणगे,

घोळ झाला.

उपाय म्हणजे मी ती फळी उचलून कोल्ड रूममध्ये नेली. लाद्या रचतो तिथे. आत माणसाचे दातावर दात वाजतात, मशीनने काय पळायचं नाही? बाहेर आणताना प्लास्टिकात घट्ट गुंडाळून ठेवलं, अंगावर घाम धरू नये म्हणून, तेवढं मला कळतं. त्या दिवशी मला एवढं सुचलं याचाच आनंद झाला होता.

तू "हॉलमध्ये" लिहिलं होतंस, आता परत पान काढून बघितलं. मी आकड्यापर्यंत वाचलं आणि उठले. त्यात माझी चूक आहे, तुझी नाही. फॉर्मवाल्या बाईचा पत्ता दे, मी येऊन सांगते तिला की म्हातारीने गोंधळ घातला, आकडा बदला.

आत्या

१९ मार्च

आत्या,

पहिलं पत्र लिहून फाडलं. त्यात काय होतं ते विचारू नकोस.

बाईला भेटून काही होणार नाही, आकडा बदलत नाही. हॉलमध्ये साधे पंखे आहेत आणि दुपारची वेळ आहे. छोट्या पंख्यावर आपण तिथे दहा मिनिटांत बाद. झगमग टेबलावर बसेल आणि त्याची पार्सलं मी बांधेन, वर तो दिवे लावून मला दाखवेल.

पण काल रात्री जेवताना मला हसू फुटलं. मी बघते आहे की मोठा कूलर केवढ्याला पडतो, आणि माझी आत्या बर्फ विकते!

म्हणून ऐक. काचेच्या कॅबिनेटचे पैसे तू वाचवलेस, त्यातून मी तांब्याचा एक वापरलेला वॉटर ब्लॉक, म्हणजे आतून पाणी फिरणारा ठोकळा, घेतला. पंख्याच्या जागी तो चिपवर बसवायचा. त्यातून दोन नळ्या निघतात. हवेच्या कूलरमध्ये पाणी चढवणारा छोटा पंप असतो ना, तोही घेतला, तो पातेल्यात बुडवायचा. पातेल्यातलं पाणी चिपवरून फिरून परत पातेल्यात. पाण्यात बर्फ! कोल्ड रूम हॉलमध्ये नेता येत नाही, पण पातेलं नेता येतं. बर्फाचं बिल तू दे, नियमात बसतं, मी विचारून घेतलं.

दोन गोष्टी मात्र डोळ्यात तेल घालून कर. एक, बर्फ मूठ-मूठ टाकायचा. पाणी हॉलपेक्षा थोडं गार राहिलं की पुरे. फार गार झालं तर ब्लॉकला आणि नळ्यांना घाम सुटेल आणि तो थेंब-थेंब बोर्डवर पडेल. दोन, डब्यात फोमची काळी नळी आहे, एसीच्या पाइपावर चढवतात तशी. ती पाण्याच्या नळ्यांवर चढवायचीच.

आत्या, आता मला भीती वाटत नाही. गंमत वाटतेय!

तुझी ठिणगी

२३ मार्च

ठिणगे,

डबा मिळाला, सगळं जोडलं. पंप मस्त घरघरतो.

एक विचारायचं होतं. म्हणजे उगाच, माहिती असावी म्हणून. समजा एखाद्याच्या बोर्डावर पाणी पडलं. थोडंसं. आणि समजा त्या वेळी ते चालू होतं. तर अशा माणसाने काय करावं?

हवा बरी आहे. भोंग्याने नवीन हॉर्न बसवलाय.

आत्या

२४ मार्च

आत्या, काय केलंस?

उत्तर नंतर दे, आधी हे कर. प्लग काढ. बोर्डावर नाण्याएवढी बॅटरी आहे, ती नखाने काढ. रॅम काढ, ब्लॉक काढ, चिप काढून कोरड्या कापडात ठेव. कापडाने घासू नकोस, नुसतं टिपून घे. बोर्ड कोरड्या, उबदार जागी उभा ठेव. उन्हात नाही, चुलीवर तर अजिबात नाही! दोन दिवस बटणाला हात लावायचा नाही. दोन दिवस, आत्या. मला माहितीये तुला दोन तास कठीण जातात.

भोंग्याला थांबवून ठेवलंय, तो हॉर्न वाजवतोय, म्हणून इथेच संपवते.

ठिणगी

२७ मार्च

ठिणगे,

चालतंय.

आता सांगते. काळी नळी मला थाट वाटला. रबरी नळीला अजून एक रबरी सदरा कशाला, म्हणून तशीच ठेवली. मूठभर बर्फ टाकला, चार आठला छान चाललं. मग वाटलं, अजून थोडा टाकून बघू. चार नऊ! कॉम्प्रेसरवाला ओरडायला लागला. मग मी अख्खा तुकडाच सोडला पातेल्यात. आणि पोरी, पाच आला. स्क्रीनवर पाच मी ह्या डोळ्यांनी बघितलाय. कोणी विश्वास नाही ठेवला तरी बघितलाय. मग नळीवरून एक थेंब ओघळला, मी "अरे" म्हणेपर्यंत टप्, आणि अंधार.

बोर्ड कॉम्प्रेसरच्या माथ्यावर ठेवला होता, तिथे कोंबडीच्या पोटाखाली असते तशी ऊब असते. दोन दिवस मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. खोटं, बघितलं, पण हात लावला नाही. आज जोडलं. रॅमची एक खाच गेली, दुसरीत बसवली तर सुरू झालं. काळी नळी चढवली. मूठ-मूठ बर्फावर चार आठ सव्वा तास धरलं. गरमी कुठवर सोसते तो आकडा फळीच्या कडेला लिहून ठेवलाय.

परवा पहाटेच्या बसने फळी, पातेलं, पंप सगळं पाठवते. सोबत एक लादी, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. बिल पिशवीत आहे. मी येत नाही, दोन मोठ्या ऑर्डरी आहेत. भोंगा हॉलमध्ये तुझ्याजवळ थांबेल, त्याला सांगितलंय काय करायचं.

आत्या

३० मार्च

आत्या,

सगळं सांगते, क्रमाने, मधलं वाचून उठू नकोस.

भोंगा आला तो घामाने निथळत. बस वाटेत बंद पडली होती, उन्हात उभी. गोणपाट उघडला तर भुशात लादी नाहीच, एका उशीएवढा तुकडा! मी सगळा भुसा चाचपून बघितला. तोच म्हणाला, "मी नाही चाटली."

हॉलमध्ये रांगेने टेबलं. सगळ्यांच्या काचेच्या पेट्या, निळे-जांभळे दिवे. मध्ये आपली फळी. तिला अजून बर्फाचा वास येतो आणि एका कडेला तू खिळा ठोकून उपटल्याची खूण आहे. (चार स्क्रू म्हणे!) लोक हसले. झगमग नाही हसला, तो वाकून नळ्या बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "डोकं कोणाचं?" मी म्हटलं, घरचं.

शिट्टी वाजली. चार आठ लावला. मी बर्फ फोडून चार मुठी केल्या, बाकीचा तुकडा परत भुशात. पहिली मूठ टाकली, पाणी गार झालं. आणि भोंगा गोणपाट उचलून उभा! म्हणाला, "मावशींनी सांगितलंय, पहिल्यालाच सगळा ओत, पोरगी भित्री आहे." आत्या!! मी त्याचा हात धरला. तो म्हणतो मी मावशींना काय तोंड दाखवू, मी म्हणते आधी खाली ठेव. सगळा हॉल आमच्याकडे बघतोय. शेवटी मी म्हटलं, मामा, हे मशीन माझं आहे. तर ठेवला.

मग मी काहीच केलं नाही. आत्या, सगळ्यात कठीण तेच होतं. स्क्रीनवर चिपची गरमी चढत होती आणि मी हात मागे बांधून उभी. मागून कोणीतरी ओरडलं, "अगं टाक की!" भोंगा तर डोळे मिटून घेत होता. मला माहीत होतं ती कुठवर सोसते, तुझ्या सव्वा तासाने मला ते कळलं होतं. अगदी काठावर आली की एक मूठ. परत थांबायचं. दोन टेबलं सोडून एकाची पेटी फट्कन बंद पडली, दिवे लागलेलेच आणि मशीन मेलेलं. झगमगचं चार सहा मात्र मस्त चाललं होतं, तो मला अंगठा दाखवत होता.

शेवटी भुशात एवढासा खडा राहिला, सुपारीएवढा. गरमी काठावर. मी तोही हातात धरून ठेवला, तो तिथेच वितळायला लागला, बोटांतून पाणी गळतंय. टाकला. गरमी एक घर खाली आली, परत चढली, परत काठावर. आणि शिट्टी!

भोंगा बाहेर पळत गेला आणि त्याने बसचा हॉर्न वाजवला. नवा. थांबवेना.

चार पॉइंट आठ, पहिली. झगमग दुसरा, त्याने माझे ओले हात हातात घेऊन हलवले. मालक आले, फळीवरून एक बोट फिरवलं, बोटाला लागलेला भुसा बघितला आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "झालं! आता उद्यापासून पार्सलं कोण बांधणार?"

एवढंच म्हणाले. मला समजायला जरा वेळच लागला. मग मी त्या हॉलमध्ये ओरडले.

तुझी ठिणगी

३ एप्रिल

ठिणगे,

पत्र तीनदा वाचलं. एकदा मी, एकदा कॉम्प्रेसरवाल्याने मोठ्याने सगळ्यांना, आणि एकदा परत मी. मधलं काही सोडलं नाही.

भोंग्याला मी तसं सांगितलं होतं, खरं आहे. मी तिथे असते तर शिट्टीबरोबर अख्खा तुकडा ओतला असता, वर तुलाच बोलले असते, आणि आज तू सुतळी कापत बसली असतीस. बरं झालं दोन ऑर्डरी होत्या. तू भित्री नाहीस. हे भोंग्यालाही सांगितलं, त्याने हॉर्न वाजवला.

टेबलावर बसलीस की पहिल्या दिवशी काय तपासलंस ते लिही. आणि जेवणाच्या सुट्टीत जेव.

आता कामाचं. फळी परत पाठव. तुझं काम झालं, माझं राहिलंय. पाच मी एक क्षण बघितलाय, मला तो तासभर बघायचाय. काळी नळी चढवून, मूठ-मूठ टाकून, तुझ्या पद्धतीने. दुकानात कोणी वापरलेला बोर्ड विकायला आणला, रॅमच्या सगळ्या खाचा धड असलेला, तर माझ्यासाठी बाजूला ठेव. फार महाग नको.

आणि त्याच डब्यात दिव्यांचा एक पंखा टाक. एकच. कोल्ड रूममध्ये अंधार असतो, आकडा नीट दिसत नाही, म्हणून सांगतेय. दुसरं काही कारण नाही.

निळा असला तर बघ.

आत्या